शिसे, डांबर आणि पाणी : मोटारीची बॅटरी सांभाळणाऱ्या धंद्याचा इतिहास

मोटारीची बॅटरी तपासणे, तिच्यात पाणी भरणे, ती चार्ज करून देणे आणि निकामी झाल्यास उघडून पुन्हा बांधणे हा विसाव्या शतकाच्या मधल्या पन्नास-साठ वर्षांत महाराष्ट्रातील लहानमोठ्या शहरांतून चालणारा एक स्वतंत्र धंदा होता. त्याची दुकाने गॅरेजांच्या शेजारी, बसस्थानकाच्या रस्त्यावर, पुण्यातील नाना पेठ किंवा कोल्हापुरातील उद्यमनगर यांसारख्या सुट्या भागांच्या आणि यंत्रदुरुस्तीच्या वस्त्यांत असत. अशा दुकानांच्या पाट्या आजही दिसतात. परंतु पूर्वी जेथे बॅटरी दुरुस्त होत असे तेथे आता नवी विकली जाते आणि जुनी परत घेतली जाते. या बदलाचे मूळ बॅटरीच्या पेटीच्या घडणीत सापडते. पेटी उघडता येत होती तोवर तिच्या भोवती कारागिरी उभी होती, आणि पेटी कायमची बंद झाली तेव्हा त्या कारागिरीला कामच उरले नाही. म्हणून या धंद्याचा इतिहास सांगायचा तर त्या पेटीच्या आत काय असते येथून सुरुवात करावी लागते.

‘बॅटरी’ हा शब्द मराठीत दोन अर्थांनी रुळला आहे. खेड्यापाड्यांत बॅटरी म्हणजे रात्री हातात धरायची विजेरी आणि तिच्यात घालायचे ते सेल. मोटारीच्या संदर्भात मात्र बॅटरी म्हणजे बॉनेटखालची ती जड, चौकोनी पेटी. मूळ इंग्रजी शब्द तोफांच्या रांगेचा वाचक होता आणि बेंजामिन फ्रँकलिन याने १७४९ मध्ये विद्युत्‌भार साठवणाऱ्या काचेच्या बरण्या एकत्र जोडून केलेल्या संचाला तो लावला. संचाचा हा अर्थ मोटारीच्या बॅटरीला चपखल बसतो, कारण बारा व्होल्टची बॅटरी म्हणजे प्रत्येकी सुमारे दोन व्होल्टचे सहा घट ओळीने जोडून केलेली माळ असते. हे घट संचायक प्रकारचे असतात, म्हणजे विजेरीतल्या सेलप्रमाणे ते एकदा वापरून संपत नाहीत, बाहेरून वीज देऊन ते पुन्हा भरता येतात. पुन्हा भरता येण्याच्या या गुणातूनच चार्जिंगचे दुकान नावाची संस्था जन्माला आली.

असा घट प्रथम तयार केला तो गास्ताँ प्लाँते या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाने, १८५९ मध्ये. शिशाचे दोन पत्रे, त्यांच्यामध्ये रबराच्या पट्ट्या, त्यांची गुंडाळी आणि ती बुडवायला पाणी मिसळलेले गंधकाम्ल, एवढेच त्याचे साहित्य होते. मात्र साध्या शिशाच्या पृष्ठभागावर पुरेसा क्रियाशील थर चढावा म्हणून तो घट पुनःपुन्हा भरावा आणि रिकामा करावा लागे, आणि त्यात महिनेच्या महिने जात. ही अडचण १८८१ च्या सुमारास कामीय फोर याने शिशाच्या ऑक्साइडचा लगदा पत्र्यावर थापून दूर केली. लवकरच सपाट पत्र्याऐवजी शिसे आणि अँटिमनी यांच्या मिश्रधातूची जाळी ओतून तिच्या चौकटींत हा लगदा भरण्याची पद्धत आली. दुकानाच्या भाषेत जिला ‘प्लेट’ आणि अनेकवचनात ‘प्लेटा’ म्हणतात ती हीच लगदा भरलेली जाळी. जाळी थोडीफार बदलली, लगद्यात सुधारणा झाल्या, पण आजच्या नव्या मोटारीतल्या बॅटरीतही मूळ रचना तीच आहे, आणि सुमारे दीडशे वर्षे टिकलेली अशी यंत्रवस्तू विरळाच म्हणावी लागेल.

भरलेल्या घटातील धन प्लेट शिशाच्या डायऑक्साइडची, तपकिरी रंगाची असते आणि ऋण प्लेट सच्छिद्र शिशाची, पाटीसारख्या करड्या रंगाची. वीज घेतली जाते तेव्हा दोन्हींवर शिशाचे सल्फेट बसू लागते, अम्ल खर्च होते आणि त्याच्या जागी पाणी तयार होते. वीज परत भरली की सगळी क्रिया उलटते. याचा व्यावहारिक परिणाम असा की घटातील द्रवाचे वजन पाहून त्यात किती वीज शिल्लक आहे हे सांगता येते. काचेच्या नळीत तरंगणारा काटा, म्हणजे हायड्रोमीटर, हेच बॅटरीवाल्याचे पहिले हत्यार ठरले ते यामुळे. पाण्याचे विशिष्ट गुरुत्व १००० धरले तर भरलेल्या घटात काटा साधारण १२४० ते १२८० यांच्या दरम्यान उभा राहतो आणि पुरत्या उतरलेल्या घटात ११२० च्या आसपास खाली बसतो. सहांपैकी पाच घट सारखे आणि एकच खाली, असे दिसले की ‘सेल गेला’ हे निदान होत असे, आणि त्यासाठी नाडी पाहणाऱ्या वैद्याइतकाच हाताचा सराव लागे. उष्ण प्रदेशात अम्ल थोडे सौम्य ठेवावे, कारण कडक अम्ल आणि उष्णता मिळून प्लेटा लवकर खातात, हा संकेतही या धंद्यात पक्का होता.

सुरुवातीच्या मोटारींना मात्र अशा जड बॅटरीची फारशी गरज नव्हती. इंजिन चालू करायचे ते समोरून हँडल फिरवून, दिवे कार्बाइडच्या वायूवर जळत आणि ठिणगीचे काम अनेक गाड्यांत मॅग्नेटो नावाचे छोटे जनित्र करी. हँडल उलट फिरून मनगट किंवा हाताचे हाड मोडणे हा त्या काळातला नेहमीचा अपघात होता. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग याने विजेवर चालणारा स्टार्टर बनवला आणि कॅडिलॅक कंपनीने तो १९१२ च्या गाड्यांत बसवला, तेव्हा बॅटरी ही मोटारीची अपरिहार्य गरज बनली. स्टार्टर काही सेकंदच फिरतो, पण तेवढ्या वेळात शंभर अँपिअरहून अधिक प्रवाह ओढतो. इंजिन चालू झाले की डायनॅमो, म्हणजे इंजिनावर फिरणारे जनित्र, तेवढी वीज परत भरून काढतो. मराठी चालक या स्टार्टरला आजही ‘सेल्फ’ म्हणतो. ‘सेल्फ-स्टार्टर’ या जोडशब्दातला महत्त्वाचा अर्धा भाग गळून पडला आणि उरलेला तुकडा भाषेत कायमचा राहिला.

भारतात या बॅटऱ्या आधी जहाजाने आल्या. ब्रिटनमधील क्लोराइड कंपनीने १९१६ मध्ये येथे त्या आयात करून विकण्याचा व्यापार सुरू केला, आणि १९२८ मध्ये जनरल मोटर्सने मुंबईत शिवडी येथे गाड्यांची जुळणी सुरू केल्यावर मुंबई इलाख्यातील मोटारींची संख्या आणि त्यांच्या बरोबरीने बॅटऱ्यांची गरज वाढत गेली. देशातील कारखाना क्लोराइडने १९४६ मध्ये कलकत्त्याजवळ श्यामनगर येथे काढला, आणि त्याच उद्योगाचा दुसरा कारखाना १९६९ मध्ये चिंचवडला आला. एक्साइड हे त्याचे व्यापारी नाव पुढे इतके रूढ झाले की १९९५ मध्ये कंपनीनेही तेच धारण केले. मुंबईत कांजूरमार्ग येथे स्टँडर्ड कंपनीच्याही बॅटऱ्या बनत. दरम्यान वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यातून फियाट गाड्या बाहेर पडू लागल्या होत्या, आणि १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. पुढे डिझेल इंजिने आली, त्यांना फिरवायला पेट्रोल इंजिनापेक्षा कितीतरी अधिक जोर लागतो, म्हणून बस आणि ट्रकमध्ये बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून चोवीस व्होल्ट करण्याची पद्धत रूढ झाली. नव्या बॅटरीची किंमत चालकाला आणि मालकाला जड जाई, आणि जुनी शक्य तितकी वर्षे चालवणे हीच रीत होती. दुरुस्तीचा धंदा या गरजेवर उभा राहिला.

चार्जिंगच्या खोलीत लाकडी फळीवर बॅटऱ्या ओळीने मांडलेल्या असत आणि एकीचे धन टोक दुसरीच्या ऋण टोकाला जोडत जाऊन शेवटी दोन तारा चार्जरला लावत. एका माळेतून सर्वांना सारखाच प्रवाह मिळतो, त्यामुळे मोठी आणि लहान बॅटरी एकाच ओळीत ठेवताना लहानीला सोसेल एवढाच प्रवाह ठेवावा लागे. घरोघरी येणारी वीज उलटसुलट दिशेची असते आणि बॅटरीला एकाच दिशेचा प्रवाह हवा असतो, म्हणून चार्जरमध्ये दिशा सरळ करणारे साधन लागते. आधी टंगस्टनच्या तारेचे आणि आरगॉन वायूचे दिवे, मग सेलेनियमच्या चकत्या आणि शेवटी सिलिकॉनचे डायोड अशी त्याची पिढीमागून पिढी बदलली. चार्जिंग संपत आले की द्रवाला बुडबुडे येतात, हायड्रोजन आणि ऑक्सिजन सुटतो आणि खोलीत घसा धरणारा आंबट वास भरतो. या मिश्रणाला एखादी ठिणगी पुरे होते, म्हणून झाकणे उघडी, खिडक्या उघड्या आणि विडी बाहेर, हा तेथला शिस्तीचा नियम असे. बॅटरी टाकली की दुसऱ्या दिवशी मिळायची; घाई करून जास्त प्रवाह दिला तर प्लेटा तापून वाकतात आणि बॅटरी भरल्यासारखी दिसूनही चार दिवसांत उतरते.

या खोलीत फक्त मोटारींच्याच बॅटऱ्या येत असेही नाही. वीज न पोहोचलेल्या गावांत रेडिओ बॅटरीवर चालत, आणि १९५६ मध्ये पुणे परिसरातील पाच जिल्ह्यांत आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने ग्रामीण श्रोत्यांच्या मंडळांचा जो प्रयोग केला, त्या काळच्या खेड्यातील श्रवणाचा विचार बॅटरीखेरीज करताच येत नाही. लग्नाचा कर्णा, तंबूतला तमाशा, निवडणुकीचा प्रचार यांनाही तीच वीज पुरी पडे. मोटार कधी मालकीची न झालेल्या कुटुंबांपर्यंत मोटारीची बॅटरी पोहोचली होती, हे या धंद्याचे समाजाच्या इतिहासातील स्थान आहे आणि त्याची दखल पुरेशी घेतली जात नाही.

तथापि या धंद्याचा खरा मानबिंदू होता तो बॅटरी पुन्हा बांधण्याचे काम. त्या काळची पेटी काळ्या, कठीण रबराची असे आणि प्रत्येक घटाचे झाकण वेगळे असून त्याच्या कडा डांबरासारख्या मिश्रणाने सांधलेल्या असत. घटाघटांना जोडणाऱ्या शिशाच्या पट्ट्या झाकणांवर उघड्याच दिसत. त्यामुळे सहांपैकी बिघडलेला एकच घट काढता येई. आधी दोन टोकांच्या तपासणी-काट्याने प्रत्येक घटावर क्षणभर मोठा भार टाकून कोणता मान टाकतो ते पाहत, मग अम्ल मातीच्या किंवा काचेच्या भांड्यात ओतून घेत. शिशाच्या पट्टीला खांबावर भोक पाडून ती सुटी करत, ज्योतीने डांबर मऊ करत आणि चिमट्याने झाकणासह प्लेटांचा सबंध गठ्ठा वर खेचत. गठ्ठा बाहेर येताना अम्ल निथळते, आणि जाणत्या माणसाला त्या एका दृष्टिक्षेपातच सगळे कळते: धन प्लेटेची जाळी कुजून तिची चौकट हातात तुटते आहे, की ऋण प्लेट पांढऱ्या सल्फेटने वाळूसारखी खरखरीत झाली आहे, की नुसता मधला पडदा फाटला आहे. या पडद्याला सेपरेटर म्हणतात. तो आधी पातळ लाकडाचा, नंतर रबराचा आणि प्लास्टिकचा आला, आणि दोन प्लेटा एकमेकींना टेकू न देता द्रव मात्र आरपार जाऊ देणे हे त्याचे काम. पेटीच्या तळाशी प्लेटांतून झडलेला तपकिरी गाळ साचलेला असे. तो प्लेटांच्या खालच्या कडेपर्यंत चढला की घट आतल्या आत जुळून जातो, म्हणून पेटीच्या तळाला उंचवटे ठेवून गाळासाठी मुद्दाम जागा सोडलेली असे.

नव्या प्लेटा त्यांच्या कानांजवळ शिसे वितळवून एका पट्टीला जोडायच्या, या जोडणीत ज्योत जरा अधिक थांबली तर कान वितळून जातो आणि कमी थांबली तर सांधा वरून चकचकीत पण आतून सुटा राहतो. हा सांधा गाडीच्या हादऱ्यांत महिन्या-दोन महिन्यांत सुटतो आणि बॅटरी कधी लागते, कधी लागत नाही, असा भ्रम निर्माण करतो. मग धन आणि ऋण प्लेटा एकाआड एक बसवून मध्ये पडदे सरकवायचे, गठ्ठा पेटीत उतरवायचा, डांबर तापवून कडा भरायच्या, वर शिशाची पट्टी ओतायची आणि ताजे अम्ल घालायचे. अम्ल सौम्य करताना पाण्यात अम्ल ओतायचे, अम्लात पाणी कधीही नाही, कारण उलट केल्यास उसळलेला थेंब थेट डोळ्यात जातो. पहिले चार्जिंग मंद आणि दीर्घ, कित्येक तासांचे असे. एवढे करून मिळालेली बॅटरी नव्याइतकी नसली तरी पुष्कळ काळ चाले, आणि ग्राहकाचे पैसे वाचत. उघड्या हातांनी केलेली ही ओतारी आणि विद्युत्‌शास्त्र यांची सांगड होती, आणि ती बहुतेक पुस्तकाशिवाय, गुरूकडून शिष्याकडे गेली.

गाडीच्या मालकाकडे जी निगा राहत असे ती साधी पण नियमित होती. उष्णतेने आणि चार्जिंगने पाणी उडते, अम्ल उडत नाही, म्हणून प्लेटा उघड्या पडू नयेत इतपत वाफेचे थंड केलेले पाणी, म्हणजे डिस्टिल्ड वॉटर, घालायचे. नळाच्या पाण्यातील क्षार प्लेटांना घातक असतात. उन्हाळ्यात विदर्भात किंवा मराठवाड्यात हे काम पंधरवड्याला करणारे चालक असत, आणि त्यात अतिशयोक्ती नव्हती, कारण तापमान दहा अंशांनी वाढले की प्लेटांचा क्षय सुमारे दुप्पट वेगाने होतो. टोकांवर उगवणारी पांढरी-हिरवी बुरशी कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवायची, कोरडी करायची आणि वर व्हॅसलीन लावायचे. बॅटरी काढताना सांगाड्याला जोडलेले टोक आधी सोडायचे, लावताना शेवटी लावायचे, म्हणजे पाना दुसऱ्या टोकावर असताना पत्र्याला लागला तरी ठिणगी पडत नाही. आज बहुतेक गाड्यांत सांगाड्याला ऋण टोक असते; परंतु ब्रिटिश घडणीच्या अनेक गाड्यांत १९६० च्या दशकापर्यंत धन टोक सांगाड्याला होते, त्यामुळे जुन्या गाडीवर काम करणाऱ्याला खूण पाहिल्याशिवाय हात लावता येत नसे. दोन खांबांतला धन खांब किंचित जाड असतो, तो अंधारातही बोटांनी ओळखता यावा असाच.

या सर्व व्यवस्थेला सुरुंग लावला तो तीन बदलांनी, आणि ते एकाच वेळी आले नाहीत. पहिला बदल पेटीचा: १९६० आणि १९७० च्या दशकांत कठीण रबराऐवजी पॉलिप्रॉपिलीन या हलक्या प्लास्टिकची पेटी आली, तिचे झाकण उष्णतेने पेटीला एकजीव केलेले आणि घटांचे सांधे आतल्या भिंतीतून नेलेले, म्हणजे एक घट काढणे अशक्य. दुसरा बदल जनित्राचा: सिलिकॉन डायोडमुळे डायनॅमोऐवजी अल्टरनेटर शक्य झाला, जो मंद गतीवरही पुरेशी वीज देतो, त्यामुळे शहरातील रात्रीच्या टॅक्सीची बॅटरी वारंवार उतरून दुकानात यायची ती येईनाशी झाली. तिसरा बदल जाळीचा: अँटिमनीऐवजी कॅल्शियम घातलेले शिसे वापरल्याने पाणी कमी उडू लागले आणि ‘देखभालमुक्त’ हा शब्द बाजारात आला. भारतात १९८३ च्या डिसेंबरमध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली तेव्हा साधारण ३५ अँपिअर-तासांची छोटी, सुटसुटीत बॅटरी तिच्याबरोबर आली, आणि पुढच्या दोन दशकांत डांबराने सांधलेली पेटी दिसेनाशी झाली. देखभालमुक्त हा शब्द मात्र जरा जपून घ्यावा लागतो. पाणी घालण्याचे काम कमी झाले, पण टोकांची बुरशी, सैल झालेला पट्टा, बंद गाडीत झिरपणारी वीज आणि महिनोन्महिने उभी राहिल्याने बसणारे सल्फेट ही दुखणी तशीच आहेत. नव्या गाड्यांत तर आणखी एक भर पडली आहे: काही गाड्यांच्या संगणकाला नवी बॅटरी बसवल्याची नोंद द्यावी लागते, नाहीतर तो जुन्या बॅटरीच्या हिशेबाने चार्जिंग करत राहतो.

या धंद्याची काळी बाजू सांगितल्याशिवाय त्याचा इतिहास पुरा होत नाही. बॅटरीच्या वजनात निम्म्याहून अधिक भाग शिशाचा असतो, आणि शिसे वितळवून पुन्हा वापरता येते, म्हणून जुनी बॅटरी कधीच फुकट जात नाही. ती भंगारवाल्याकडे जाते. घाणेरड्या भट्टीवर, उघड्यावर, प्लेटा वितळवल्या जातात तेव्हा धूर आणि धूळ श्वासातून आणि हातातोंडातून अंगात जाते, रक्त कमी होते, पोटात कळा येतात, मनगटांतली ताकद जाते, आणि लहान मुलांच्या मेंदूची वाढ खुंटते. दुकानात प्लेटा घासणारे, उघड्या हातांनी सांधे घालणारे कारागीरही यातून सुटले नाहीत; त्यांचे कौशल्य जपण्याजोगे असले तरी त्यांच्या कामाची पद्धत परत यावी असे म्हणता येणार नाही. भारत सरकारने २००१ मध्ये बॅटऱ्यांच्या हाताळणीचे नियम केले, त्यानुसार ग्राहकाने जुनी बॅटरी विक्रेत्याकडे परत द्यावी आणि विक्रेत्याने ती गोळा करून नोंदणीकृत पुनर्वापर कारखान्याकडे पाठवावी, असे ठरले. २०२२ च्या नव्या नियमांनी ही जबाबदारी उत्पादकांवर अधिक स्पष्टपणे टाकली. तरीही रस्त्यावरच्या हातगाडीवाल्याने चार पैसे जास्त दिले की बॅटरी त्याच्याकडे जाते, आणि तेथून ती कोणत्या भट्टीवर जाते हे विकणाऱ्याला माहीत नसते.

म्हणून नवी बॅटरी घेताना जुनी तिच्यातले अम्ल गटारात न ओतता, झाकणे न उघडता, उभीच विक्रेत्याकडे परत द्यावी, नव्या बॅटरीच्या पावतीवर तिची वजावट लिहून घ्यावी, आणि हातगाडीच्या चार जादा रुपयांपायी ती अन्यत्र देऊ नये.